सरोवरतीरीची एकशे सतरा वर्षे

मिलान शहराहून सिंप्लॉनच्या बोगद्याकडे जाणारी आगगाडी आरोना गाव मागे टाकते न टाकते तोच उजव्या हातास पाणी दिसू लागते. प्रथम ते घरांच्या व झाडांच्या फटींतून नुसते चमकते. मग एका वळणावर सबंध विस्तार डोळ्यांपुढे येतो आणि त्यामागे आल्प्स पर्वताची बर्फाने मढलेली शिखरे उभी राहतात. हेच लागो माज्जोरे. 'माज्जोरे' म्हणजे थोरले. परंतु इटलीतील सरोवरांत आकाराने पहिला मान पूर्वेकडील गार्दा सरोवराचा, ह्याचा दुसरा. थोरलेपण एकाकडे आणि मोठेपण दुसऱ्याकडे, असे आपल्याकडील वाड्यांतही पुष्कळदा घडतेच. रोमन लोक ह्यास वेर्बानुस म्हणत. लांबी सुमारे ६५ किलोमीटर, क्षेत्रफळ २१२ चौरस किलोमीटर, आणि वरचे टोक स्वित्झर्लंडच्या हद्दीत. पाण्याची पातळी समुद्रसपाटीपासून १९३ मीटर उंच, पण खोली काही ठिकाणी ३७० मीटरपर्यंत. म्हणजे पर्वतांच्या कुशीतील ह्या सरोवराचा तळ समुद्राच्याही पातळीखाली गेलेला आहे. हिमनद्यांनी पूर्वी कधीतरी दरी खणली ती अशी.

आमची कन्या व जावई नोकरीनिमित्त मिलान येथे राहतात. त्यांच्याकडे गेल्या चैत्रात आमचा मुक्काम पडला असता आम्ही उभयतांनी हा प्रवास केला. स्त्रेझा येथे उतरून आगबोट धरली. वाटेत बोर्रोमेओ घराण्याची बेटे लागतात. त्यांपैकी इसोला बेल्ला हे बेट सतराव्या शतकात एका सरदाराने आपल्या पत्नीच्या नावाने, राजवाडा व दहा पायऱ्यांची उद्याने रचून, एखाद्या जहाजासारखे सजविले. ह्या बेटांवर प्रवासवर्णनकारांनी इतकी शाई खर्च केली आहे की आम्ही आणखी करीत नाही. आम्हांस जावयाचे होते ते समोरच्या तीरावर, पालान्त्सा ह्या गावी. तेथे ना राजवाडा पाहावयाचा होता ना देवस्थान. तेथील एका दोन खोल्यांच्या बिऱ्हाडात एम्मा मोरानो नावाची एक गिरणीकामगार बाई ११७ वर्षे व १३७ दिवस वयाची होऊन १५ एप्रिल २०१७ रोजी निवर्तली. त्या बाईंचे गाव आम्हांस पाहावयाचे होते. मृत्युसमयी त्या जगातील सर्वांत वृद्ध व्यक्ती होत्या. आणि ज्यांचे जन्म १८ ह्या अंकांनी सुरू होणाऱ्या सालांत झाल्याचे कागदोपत्री सिद्ध आहे अशांपैकी त्या शेवटच्या.

त्यांचा जन्म मात्र सरोवराकाठचा नव्हे. तेथून नैर्ऋत्येस, डोंगर ओलांडून गेले की सेझिया नदीचे खोरे लागते. त्या खोऱ्यातील वाराल्लो हे गाव प्रसिद्ध आहे ते तेथील पवित्र टेकडीमुळे. पंधराव्या शतकाच्या अखेरीस बेर्नार्दिनो काइमी नावाच्या एका फ्रान्सिस्कन साधूने, ज्यांस जेरुसलेमची यात्रा घडणे शक्य नाही अशा गोरगरिबांसाठी येथेच प्रतिजेरुसलेम उभारण्याचा घाट घातला. चाळीसांहून अधिक लहान लहान देवळ्या, आणि प्रत्येकीत येशूच्या चरित्रातील एकेक प्रसंग पुरुषभर उंचीच्या रंगीत मूर्तींनी मांडलेला. मूर्तींस खरे केस लावलेले, कपडे त्या काळच्या शेतकऱ्यांचे, आमच्या सौ.ना गणपतीतल्या देखाव्यांची आठवण झाली व आम्हीही ती नाकारली नाही. ह्या वाराल्लोहून एक नागमोडी रस्ता ओर्ता सरोवराकडे खिंड चढू लागतो. त्या चढावर चिव्यास्को हे खेडे आहे. अडीचशेच्या आसपास वस्ती, दगडी घरे, एक घंटाघर, आणि भोवती चेस्टनटची रानटी झाडी. येथे २९ नोव्हेंबर १८९९ रोजी एम्माबाई जन्मल्या. आठ भावंडांत त्या सर्वांत वडील. पाच बहिणी व तीन भाऊ. त्यांस आठ महिने पूर्ण होतात तोच, २९ जुलै १९०० रोजी, राजा पहिला उंबेर्तो ह्याचा मोंझा येथे गोळी घालून खून झाला. तेव्हा त्यांच्या आयुष्यात तीन राजे, पुढे प्रजासत्ताकाचे सारे अध्यक्ष आणि अकरा पोप होऊन गेले, हा हिशेब त्या पाळण्यात असल्यापासूनच सुरू होतो.

इतके वय खरे कशावरून, असा प्रश्न वाचकांच्या मनात येईल, आणि तो यावा हेच योग्य. इटलीच्या राज्यात १८६६ पासून जन्म, विवाह व मृत्यू ह्यांची सरकारी नोंद सर्वत्र होऊ लागली. एखाद्याने शंभर-एकशे दहाच्या पुढचे वय सांगितले म्हणजे तज्ज्ञ मंडळी त्या नोंदी काढून पाहतात. जन्माचा कागद, लग्नाचा कागद, भावंडांच्या वयांची सांगड, हे सारे एकमेकांशी जुळले तरच वय मान्य होते. कित्येकदा मोठ्या भावाचे नाव धाकट्याने लावलेले असते व वीस वर्षांची फुकटची कमाई उघडकीस येते. आम्ही जन्मभर शाळेची दप्तरे सांभाळली. आमच्या रजिस्टरांत अर्धा वर्ग दर वर्षी १ जून रोजी जन्मलेला असे, कारण पालकांस तारीख आठवत नसे आणि मास्तरांस रकाना भरावयाचा असे. तेव्हा चिव्यास्कोसारख्या डोंगरी खेड्यातील कारकुनाने सव्वाशे वर्षांपूर्वी बिनचूक लिहून ठेवलेल्या त्या एका ओळीविषयी आम्हांस जो आदर वाटला, तो आमच्या व्यवसायबंधूंस तरी समजेल.

वडिलांच्या कामधंद्यासाठी कुटुंब ओस्सोला खोऱ्यात उतरले. सिंप्लॉनचा बोगदा १९०६ मध्ये खुला झाला तो ह्याच खोऱ्याच्या माथ्यावर. लोखंडाचे कारखाने, वीजनिर्मिती, दगडाच्या खाणी ह्यांमुळे तेथे पोटापाण्याची सोय होती. मिलानच्या विख्यात महामंदिराचा गुलाबी छटेचा संगमरवरही ह्याच खोऱ्याच्या मुखाशी असलेल्या कांदोल्या गावच्या खाणीतला. परंतु तेथील हवा मुलीस मानवेना. वैद्याने सांगितले, हिला सौम्य हवेच्या ठिकाणी न्या. अशा रीतीने मंडळी पालान्त्सास आली.

ज्या मुलीला हवापालट सुचवावा लागला ती ११७ वर्षे जगली, ह्यावरून पालान्त्साच्या हवेस श्रेय देण्याचा मोह होतो. हवा खरोखरच अनुकूल आहे. एवढा जलसंचय हिवाळ्यात थंडी बोथट करतो आणि उन्हाळ्यात उष्णता. त्यामुळे आल्प्सच्या पायथ्याशी लिंबे, कॅमेलिया, मॅग्नोलिया ही कोमल झाडे बाहेर उघड्यावर वाढतात. गावाच्या कडेस व्हिल्ला तारांतो नावाचे वनस्पतींचे उद्यान आहे. नील मॅकइकर्न ह्या स्कॉटिश गृहस्थाने १९३१ मध्ये ही जागा घेऊन जगभरची झाडे येथे आणून लावली व १९५२ मध्ये उद्यान सर्वांस खुले झाले. आम्ही गेलो तेव्हा ट्यूलिपच्या ओळीच्या ओळी फुललेल्या होत्या. पायऱ्यांच्या एका तळ्यात उन्हाळ्यात आपले कमळ फुलते म्हणून सांगतात. तेव्हा तेथे नुसते पाणी होते. परंतु ह्या हवेत शेकडो माणसे राहिली आणि सत्तरी-ऐंशीत गेली. इटलीत दीर्घायुषी माणसांसाठी नाव घ्यावयाचे ते सार्दिनिया बेटाच्या डोंगराळ भागाचे. पालान्त्साचे नाव त्यात कोणी घेत नाही.

येथे एम्माबाई तागाच्या गिरणीत लागल्या. पोती शिवण्याचे काम. ताग हा शब्द उच्चारताच आम्हांस आमचा देश आठवला, आणि ते साहजिकच होते. कारण त्या काळी जगाला लागणारा ताग जवळजवळ सगळा गंगा-ब्रह्मपुत्रेच्या मुखाकडील बंगालच्या भूमीत पिकत असे आणि कलकत्त्याहून गाठोडी होऊन स्कॉटलंडातील डंडी, जर्मनी, इटली इकडे जाई. कमरेइतक्या पाण्यात उभे राहून कुणा बंगाली कुळाने कुजविलेल्या काडीवरून सोललेला तो धागा अर्ध्या पृथ्वीचा प्रवास करून आल्प्सच्या पायथ्याशी एका पोरसवदा मुलीच्या बोटांत येत असे. दोघांनी एकमेकांस कधी पाहिले नाही. दोघांच्या कष्टांचा नफा मात्र तिसऱ्यानेच मोजला असणार. तागाचा धुरळा काय असतो हे ज्यांनी गोणपाटाची वखार पाहिली आहे त्यांस सांगावयास नको. त्या धुरळ्यात ह्या बाई १९५४ सालापर्यंत, म्हणजे वयाच्या पंचावन्नाव्या वर्षापर्यंत, काम करीत होत्या. दीर्घायुष्याच्या कारणांत शुद्ध हवा सांगणाऱ्यांनी हेही ध्यानी घ्यावे.

पालान्त्साच्या घाटावर, आगबोट लागते तेथून थोड्याच अंतरावर, एक प्रचंड दगडी समाधिमंदिर आहे. सैनिकांच्या पाषाणमूर्ती त्यास पहारा देत उभ्या आहेत. हे मार्शल लुइजी कादोर्ना ह्याचे थडगे. पिआचेंतिनी ह्या वास्तुविशारदाने रचलेले व १९३२ मध्ये पुरे झालेले. कादोर्ना ह्याच गावी १८५० मध्ये जन्मला. पहिल्या महायुद्धात १९१५ च्या मे महिन्यापासून १९१७ च्या नोव्हेंबरापर्यंत इटलीची सारी सेना त्याच्या हुकमाखाली होती. इझोंत्सो नदीवर त्याने एकामागून एक अकरा लढाया लढविल्या. जमीन मिळाली ती हातभर आणि माणसे गेली ती लाखांनी. शिस्तीच्या नावाखाली स्वतःच्याच सैनिकांस गोळ्या घालण्याबद्दलही तो कुप्रसिद्ध होता. अखेर काप्पोरेत्तो येथे सेनेची वाताहत झाली तेव्हा त्यास दूर करण्यात आले. त्या युद्धात इटलीचे सहा लाखांच्या आसपास सैनिक मेले.

एम्माबाईंचे तरुणपणी एका मुलावर मन जडले होते. त्यांस नाचाचा शोक होता. बहिणींसह चोरून नाचघरात जावे आणि आईने छडी घेऊन शोधीत यावे, ही हकीकत त्या शंभरी उलटल्यावरही हसत सांगत. तो मुलगा युद्धावर गेला. तो परत आला नाही, असे त्या सांगत. आम्ही त्या समाधीच्या पायऱ्यांवर बसून समोरचे पाणी पाहत असता हे आठवले. हुकूम देणारा आणि वाट पाहणारी, एकाच गावची. सेनापतीस दगडाचे पहारेकरी मिळाले.

पुढची हकीकत त्यांनी शंभरी ओलांडल्यावर वृत्तपत्रकारांस सांगितली, आणि ती ऐकून हसण्यासारखी नाही. दुसरा एक माणूस त्यांच्या मागे लागला होता. माझ्याशी लग्न केलेस तर बरे, नाहीतर ठार मारीन, असे त्याने बजावले. त्या सव्वीस वर्षांच्या होत्या. १९२६ च्या ऑक्टोबरात लग्न झाले. संसार सुखाचा नव्हता. नवरा हात उगारी. १९३७ मध्ये मुलगा झाला आणि सहा महिन्यांचा होऊन गेला. तेच एक अपत्य. दुसऱ्या वर्षी, १९३८ मध्ये, त्यांनी नवऱ्याला घराबाहेर काढले.

हे वाक्य लिहावयास सोपे आहे. त्या सालची इटली कोणती होती ते पाहावे. मुसोलिनीची सत्ता ऐन भरात होती. स्त्रीने घर सांभाळावे व राष्ट्रास मुले द्यावी, हा सरकारी उपदेश चाललेला. घटस्फोटाचा कायदाच नव्हता. तो झाला १ डिसेंबर १९७० रोजी, आणि रद्द करण्याची मागणी १९७४ च्या मे महिन्यात सार्वमताला टाकली गेली तेव्हा सुमारे ५९ टक्के मतदारांनी ती फेटाळली. कुटुंबाचा प्रमुख पती, ही कायद्याची भाषा १९७५ च्या सुधारणेपर्यंत टिकली. स्त्रियांनी राष्ट्रीय मतदानात पहिले मत दिले ते १९४६ साली. तेव्हा एम्माबाई सेहेचाळीस वर्षांच्या होत्या. ह्या सगळ्याच्या पूर्वी, गिरणीच्या मजुरीखेरीज कोणताही आधार नसलेल्या, नुकतेच मूल गेलेल्या एका बाईने दार लावून घेतले. कायद्याने त्या त्याची बायकोच राहिल्या; तो १९७८ मध्ये मेला तोवर. पण दार काही उघडले नाही. पुन्हा लग्नही केले नाही. कोणाच्या हुकमाखाली राहावयाचे नव्हते म्हणून, हे कारण त्यांनी स्वतः स्पष्ट सांगितले आहे.

सांगण्यास संकोच वाटतो, तरी सांगतो. आमच्या वडिलांच्या एका चुलत बहिणीस आम्ही लहानपणी पाहिले होते. त्या माहेरी आल्या की चार दिवस काही बोलत नसत. माजघरात बसून तांदूळ निवडीत. हातावर वळ असत. घरातील वडील मंडळी सज्जन होती, विद्वान होती. दर वेळी मुहूर्त पाहून, साडीचोळी करून, त्यांस परत पोचवून येत. तिसाव्या वर्षाच्या आत त्या गेल्या. कशाने, हे घरात कोणी मोठ्याने बोलले नाही. एम्माबाईंची हकीकत आम्ही प्रथम सौ.ना वाचून दाखविली तेव्हा आमच्या सौ. म्हणाल्या, "त्या बाईंजवळ स्वतःचा पगार होता हो. दार कोणाचे होते ते बघा." आम्ही ग्रंथांतून कारणे शोधीत होतो, त्यांनी भाड्याच्या पावतीत शोधले.

पगार तर होताच, आणि तो त्यांनी दीर्घकाळ मिळविला. गिरणी सुटल्यावर पालान्त्साच्याच एका मिशनरी निवासी शाळेच्या स्वयंपाकघरात त्या लागल्या व वयाच्या पंचाहत्तरीपर्यंत तेथे राबल्या. शाळेचे नाव कोल्लेजिओ सांता मारिया. शेकडो मुलांचा स्वयंपाक म्हणजे काय ते वसतिगृहाच्या आचाऱ्यास विचारावे. पंचाहत्तराव्या वर्षी निवृत्ती. त्यानंतर आणखी बेचाळीस वर्षे. आम्ही अठ्ठावन्नाव्या वर्षी सेवानिवृत्त होऊन स्वतःस वृद्ध म्हणवून घेऊ लागलो होतो, ते त्या दिवसापासून जरा आवरते घेतले आहे.

मधल्या काळात ह्या शांत तीरावरून दुसरे महायुद्धही गेले. १९३९ मध्ये इंत्रा व पालान्त्सा ही दोन गावे जोडून जुन्या रोमन नावावरून वेर्बानिया हे नगर झाले होते. १९४४ च्या २० जूनला त्रेचाळीस कैद्यांस, जर्मनांविरुद्ध डोंगरांत लढणारे म्हणून पकडून, इंत्रापासून पालान्त्साच्या घाटावरून भर दिवसा मिरवीत नेले आणि फोंदोतोचे येथे तिघा-तिघांच्या ओळी करून गोळ्या घातल्या. बेचाळीस मेले, त्यांत एक स्त्री. एक तरुण प्रेतांखाली जिवंत राहिला. त्याच वर्षी सप्टेंबरात ओस्सोला खोऱ्यातील लोकांनी स्वतःचे प्रजासत्ताक पुकारले व ते चाळीसएक दिवस टिकविले. वेर्बानिया-पालान्त्साचे रेल्वे स्थानक फोंदोतोचेच्याच बाजूस असल्यामुळे परतताना बसच्या खिडकीतून आम्हांस ते स्मारक दिसले. सरोवरावर संध्याकाळचे सोनेरी ऊन होते. असो.

आता अंड्यांविषयी. हे प्रकरण टाळता आले असते तर आम्ही टाळले असते, कारण आमच्या बहुतेक वाचकांच्या स्वयंपाकघरांत त्या पदार्थास अद्याप प्रवेश नाही. पण एम्माबाईंचे नाव काढले की इटलीतील मूलसुद्धा अंडे म्हणते. विशीच्या सुमारास त्यांस रक्तक्षय झाला. वैद्याने रोज तीन अंडी सांगितली, त्यांतली दोन कच्ची. बाईंनी ती आज्ञा नव्वद वर्षांच्या वर पाळली! तीन गुणिले तीनशे पासष्ट गुणिले नव्वद. हिशेब लाखाच्या घरात जातो. उतारवयात अंडी दोनांवर आली व जोडीस बिस्किटे. भाजी-फळे त्या क्वचितच खात, हे त्यांच्या स्वतःच्या डॉक्टरांनीच सांगितले आहे. म्हणजे आहारशास्त्राच्या कोणत्याही पुस्तकात आदर्श म्हणून छापता यावा असा हा आहार नव्हे. फ्रान्सच्या झान काल्मां ह्या बाई १२२ वर्षे १६४ दिवस जगून १९९७ मध्ये वारल्या. मानवी आयुष्याचा तो सर्वमान्य उच्चांक. त्या सुखवस्तू घरच्या, पोटासाठी कष्ट न करावे लागलेल्या. दोघींच्या राहणीत साम्य शोधू गेले तर मुळी सापडत नाही.

वंशाचा गुण मात्र नाकारता येत नाही. एम्माबाईंची आई नव्वदी ओलांडून गेली, भावंडांपैकीही काही नव्वदीपार गेली, आणि आन्जेला नावाची एक बहीण १०२ वर्षांची होऊन २०११ मध्ये वारली. शिवाय ११० च्या पुढे पोचणाऱ्यांत दहांत नऊ स्त्रियाच असतात. पुरुषांतील सर्वमान्य उच्चांक जपानच्या जिरोएमोन किमुरांचा, ११६ वर्षे ५४ दिवस. तेव्हा बीज चांगले, देह स्त्रीचा, आणि राहिलेले दैव, असा शास्त्राचा ढोबळ निर्णय. तो आम्ही मान्य करतो. परंतु वृत्तपत्रांनी 'अंडी आणि नवरा नाही' असा जो विनोद जगभर पिकविला तो आम्हांस मानवला नाही. एम्माबाईंनी एकटे राहण्यास श्रेय दिले हे खरे. पण जी बाई धमकीने लग्नास उभी राहिली आणि मारास कंटाळून मोकळी झाली तिच्या तोंडचे ते उत्तर आहे. १९३८ मध्ये ते दार लागले नसते तर चांगले बीज किती दिवस टिकले असते, हा प्रश्न आमच्या घरातील त्या माजघराने आम्हांस विचारला आहे.

उपनिषदात कर्मे करीतच शंभर वर्षे जगण्याची इच्छा धरावी असे सांगितले आहे, आणि आमचे आशीर्वादही शंभरावर थांबतात. शंभरानंतरच्या सतरा वर्षांचे काय करावे ह्याविषयी ऋषींनी काही सांगितलेले नाही. एम्माबाई ११५ वर्षांच्या होईपर्यंत आपल्या दोन खोल्यांत एकट्या राहत. त्यानंतर सोबतीस एक बाई ठेवावी लागली. शेवटच्या वीसएक वर्षांत त्या घराबाहेर पडल्या नाहीत, रुग्णालयाचे नाव काढू देत नसत. डॉक्टर महिन्याकाठी येऊन जात. इटलीच्या एकीकरणास दीडशे वर्षे झाली त्या २०११ साली, डिसेंबर महिन्यात, राष्ट्राध्यक्ष नापोलितानो ह्यांनी त्यांस सन्माननीय पदवी दिली. १२ मे २०१६ रोजी अमेरिकेतील सुझाना मुशॅट जोन्स ह्या बाई वारल्या आणि जगातील ज्येष्ठत्व एम्माबाईंकडे आले. त्या वर्षीच्या वाढदिवशी केक खाणार का असे कोणी विचारले. मागच्या वेळी थोडा खाल्ला होता, मग बरे वाटले नाही, हे उत्तर. कीर्तीने त्या फारशा हरखलेल्या दिसत नाहीत.

त्या गेल्या तेव्हा वर्तमानपत्रांनी एकोणिसाव्या शतकाचा अंत झाला असे मोठ्या अक्षरांत छापले. येथे मास्तरकी केल्यावाचून राहवत नाही. शतक १ पासून मोजतात, शून्यापासून नव्हे. तेव्हा १९०० हे साल एकोणिसाव्याच शतकातले. त्यांच्यानंतर ज्येष्ठत्व जमेकातील व्हायोलेट ब्राउन ह्यांकडे गेले, त्यांचा जन्म मार्च १९०० चा; आणि त्यांच्यानंतर जपानच्या नाबी ताजिमा, ऑगस्ट १९०० च्या. ताजिमाबाई २१ एप्रिल २०१८ रोजी वारल्या. गणिताने शतक वर्षभर अधिक जगले.

पालान्त्सात आम्ही बाईंचे घर शोधले नाही. आता तेथे दुसऱ्या कुणाचा संसार असेल, आणि परक्यांनी खिडक्यांकडे बोटे दाखवीत उभे राहणे बरे नव्हे. घाटामागच्या अरुंद गल्ल्यांतून मात्र बराच वेळ फिरलो. वरच्या मजल्यांवर वाळत घातलेले कपडे, जिन्यात सायकल, कुठल्याशा खिडकीतून भांड्यांचा आवाज. सौ.नी एका दुकानातून लिंबे घेतली. ती आपल्या लिंबांच्या दुप्पट होती.

एम्माबाईंस मरण आले ते राहत्या घरी, ईस्टरच्या आदल्या दिवशी, शनिवारी. ख्रिस्ती पंचांगात तो दिवस थडग्याच्या शांततेचा असतो. रविवारी सकाळी नेहमीप्रमाणे सरोवराच्या दोन्ही तीरांवर घंटा वाजल्या. अंत्यविधी पालान्त्सातच झाला.